शेक संपले, तरी ढाळ का थांबत नाहीत?

वाचकहो, मी शेतकी खात्यातला माणूस. कांद्यावर करपा पडला, उसाला हुमणी लागली, डाळिंबावर तेल्या आला, तर काय करावे हे तुम्ही मला विचारता आणि मी सांगतो. दुखण्याखुपण्यावर लिहिण्याचा खरे तर मला अधिकार नाही. तरीही लिहितो आहे, कारण माझ्या थोरल्या बहिणीवर जी वेळ आली, ती आपल्या जिल्ह्यातल्या आणखी कितीतरी घरांवर येत असणार, आणि लाजेपायी कोणी त्याची वाच्यता करीत नाही. आक्काला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, "लिही बाबा. माझं नाव तेवढं घालू नको."

आक्का पारनेर तालुक्यात दिलेली. २०१९ च्या जानेवारीत तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी सांगितले, शस्त्रक्रिया नको, शेक देऊ. ज्याला आपण शेक म्हणतो, कोणी लाईट म्हणते, कोणी करंट म्हणते, तेच किरणोपचार. आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे पाच आठवड्यांत पंचवीस शेक बाहेरून, आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध, आणि शेवटी काही शेक आतून. आक्का रोज एस. टी.ने शहरात जाई, शेक घेई आणि संध्याकाळी धारा काढायला घरी परत येई.

तिसऱ्या आठवड्यात तिचे पोट बिघडले. दिवसातून सहा-सात वेळा परसाकडे. मुरडा आला की थांबवत नसे. एस. टी.त दीड तास बसायचे, मध्ये उतरता येत नाही, सोबत पुतण्या. तिने आपल्यापुरता उपाय काढला. सकाळपासून पाणीच प्यायचे नाही आणि दुपारपर्यंत काही खायचे नाही. रुग्णालयात विचारले तर "बरं आहे" म्हणायचे. चौथ्या आठवड्यात ती स्टँडवर चक्कर येऊन पडली. तोंड कोरडे, नाडी पळत होती, सकाळपासून लघवी झालेली नव्हती.

तिच्या त्या उपायाने दुहेरी नुकसान झाले, हे मला फार उशिरा कळले. ढाळांत पाणी गेले आणि वर पाणी घेतले नाही, हे पहिले. दुसरे असे की, ओटीपोटाला शेक देताना मूत्राशय भरलेले असावे लागते. भरलेले मूत्राशय लहान आतड्याची वेटोळी वर ढकलते आणि ती किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. म्हणून तर शेकाच्या आधी ठरावीक पाणी प्यायला सांगतात. आक्का तहानलेली जाई, मूत्राशय रिकामे राही, आतडे खाली उतरे आणि किरण त्याच्यावरच पडत. जिने ढाळांच्या भीतीने पाणी सोडले, तिचे आतडे जास्त भाजून निघत होते. तेव्हा भगिनींनो, शेकाच्या आधी जेवढे पाणी सांगितले असेल तेवढे प्यायचेच, आणि बसची अडचण असेल तर ती तिथल्या तंत्रज्ञाला मोकळेपणी सांगायची.

हे होते कशाने, ते आपल्या भाषेत सांगतो. उसात तणनाशक मारताना वारा असला तर फवारा उडून शेजारच्या कपाशीवर किंवा टोमॅटोवर जातो आणि पाने आकसतात. औषध तणासाठीच होते, पण शेजार जवळचा. गर्भाशयाच्या मागे लागूनच गुदाशय आहे, आणि वर लहान आतड्याची वेटोळी लोंबतात. पुरुषांमध्ये पुरःस्थ ग्रंथीला शेक देतात, तिलाही गुदाशय चिकटूनच असतो. कर्करोगाच्या गाठीवर सोडलेल्या किरणांचा काही भाग या शेजाऱ्यांवर पडतोच. आतड्याच्या आतले अस्तर म्हणजे कांद्याच्या रोपवाटिकेसारखे आहे. तिथल्या पेशी तीन ते पाच दिवसांत जुन्या होऊन गळतात आणि नव्या उगवतात. वेगाने वाढणाऱ्या पेशींना किरण आधी मारतात. अस्तर उघडे पडले की खाल्लेले पचत नाही, पाणी शोषले जात नाही, आणि ढाळ लागतात. ही गोष्ट आजची नाही. रॉन्टजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि दोनच वर्षांनी, १८९७ साली, डॉ. वॉल्श यांनी इंग्लंडात या किरणांमुळे होणाऱ्या पोटाच्या त्रासाविषयी लिहून ठेवले.

चांगली गोष्ट अशी की, रोपे पुन्हा उगवतात. शेक संपल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांत बहुतेकांचे पोट ताळ्यावर येते. तोवर माणूस सुकू द्यायचा नाही आणि शेक अर्धवट सोडायचे नाहीत. हे दुसरे फार महत्त्वाचे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगात बाहेरचे आणि आतले सगळे शेक मिळून आठ आठवड्यांच्या आत उरकावे लागतात. त्याहून लांबले तर रोग पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो. "जरा पोट बरं होऊ दे, मग जाऊ" असे म्हणून घरी बसणे म्हणजे निम्म्या शेतात औषध मारून पंप धुऊन ठेवणे.

पाण्याचे म्हणाल तर आपल्याच जिल्ह्याने त्याचा धडा घालून दिला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले, त्यासाठी त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी तयार केलेल्या गावच्या आरोग्यसेविकांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मीठ-साखरेच्या पाण्याने ढाळ लागलेले लेकरू वाचवता येते हे त्यांनी घराघरांत पोचवले. तेच पाणी मोठ्या माणसाला, शेकाच्या ढाळांतही चालते. आरोग्य उपकेंद्रात ओ. आर. एस.ची पुडी मिळते. पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच कालवायची, कमीजास्त नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर ढाळानंतर पेलाभर, घोट घोट. हृदयाचे, मूत्रपिंडाचे दुखणे किंवा मधुमेह असेल तर किती प्यायचे ते डॉक्टरांना आधी विचारावे.

आता खाण्याचे. आपला जिल्हा बाजरीचा आणि दुधाचा, आणि ढाळ चालू असताना नेमके हेच दोन्ही काही दिवस बाजूला ठेवावे लागतात. बाजरीच्या भाकरीतला कोंडा सोललेल्या अस्तराला घासतो, तसाच मेथी, शेपू, कच्चा कांदा, हरभरा, मटकी यांचा चोथा. दूध पचवणारा रस आतड्याच्या अस्तरातच तयार होतो. अस्तर गेले की दूध पोटात फसफसते. आक्काला घरच्या गाईचे दूध "ताकद येईल" म्हणून सासूबाई दोन वेळा पाजत होत्या आणि ते तिचे ढाळ वाढवत होते. यात कोणाचा दोष नाही, माया होती. दही किंवा पाणी घातलेले ताक बहुतेकांना सोसते. मऊ भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, सालीशिवाय उकडलेला बटाटा, दुधीभोपळा, पिकलेले केळे, उकडलेले अंडे, पेज. थोडे थोडे, पाच-सहा वेळा. तिखट, तळण, कडक चहा आणि तंबाखू बंद. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना पुढे होणारा आतड्याचा त्रासही जास्त होतो, तेव्हा पुरुषमंडळींनी हे नीट ऐकावे.

पोट सुधारले की भाकरी पुन्हा सुरू करायची. आधी ज्वारीची, पीठ चाळून, मग बाजरीची. शेक संपून दोन वर्षे झाली तरी नुसत्या भातावर असणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांची ताकद आजाराने नाही, उपासाने गेली.

ढाळ थांबवण्याची लोपेरामाइडची गोळी डॉक्टर देतात. ती जेवणाआधी अर्धा तास घेतली तर जास्त उपयोगी पडते. पण ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. डाळिंबाची साल, कुड्याची साल यांना मी हसणार नाही, माझी आईही तेच द्यायची. परंतु कर्करोगाचे औषध चालू असताना काय काय पोटात जाते ते डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे. आणि सलाईनमधून औषध चालू असताना अंगात ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठायचे.

आक्का सावरली. दोन दिवसांचा खंड पडला, पण शेक पूर्ण झाले, रोग गेला. खुरपायला जाऊ लागली. आम्हाला वाटले, संपले.

खरे दुखणे पुढेच होते. २०२० च्या दिवाळीनंतर तिला शौचावाटे रक्त पडू लागले. आधी थेंबभर, मग रोज. कळ आली की गोठ्यापलीकडच्या संडासापर्यंत पोचणे होईना, कपड्यात होऊ लागले. तिने लग्नाला जाणे सोडले, बाजार सोडला, काकडा सोडला. दाजींना वाटले, मूळव्याध. बाजाराच्या गावी मूळव्याधीवर इंजेक्शन देणारा एक जण बसे. त्याने तीन महिने पुड्या दिल्या आणि पुढच्या सोमवारी इंजेक्शन ठरवले. मी खरिपाच्या बैठकीसाठी त्या बाजूला गेलो होतो म्हणून घरी डोकावलो, तर आक्का पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन सहावर आले होते. मी रागावलो, "अगं, मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "हे काय भावाला सांगण्यासारखं आहे का?"

तीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की, फवारणी झाल्यावर आठ दिवसांनी शेतात चक्कर टाका, शेजारचे पीक बघा. स्वतःच्या बहिणीला मी दीड वर्षात एकदाही विचारले नव्हते की, पोट कसे आहे.

आम्ही तिला पोटविकाराच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "ओटीपोटाला कधी शेक घेतले होते का?" पुड्या देणाऱ्याने हे विचारले नव्हते आणि आक्काने सांगितले नव्हते. शेकाने दुखावलेल्या गुदाशयावर मूळव्याधीचे इंजेक्शन किंवा कापाकापी केली तर ती जखम भरता भरत नाही, कधी कधी आरपार भोक पडून मैला भलत्या वाटेने येऊ लागतो. सोमवार चार दिवसांवर होता.

वाचकहो, हे दुसरे दुखणे पहिल्यापेक्षा वेगळे. पहिल्यात रोपे जळाली होती, ती पुन्हा उगवली. दुसऱ्यात ठिबकच्या नळ्या चोंदतात. क्षार बसून ड्रीपर हळूहळू बंद होतात, पंप चालू असतो, पाणी विहिरीत असते, तरी झाड सुकत जाते, आणि ते दिसायला दोन हंगाम लागतात. किरणांनी आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या अशाच अरुंद होत जातात, आतड्याची भिंत ताठर होते. त्याची भरपाई म्हणून शरीर नव्या वाहिन्या काढते, पण त्या कच्च्या, जराशा घासल्याने फुटणाऱ्या. म्हणून शेक संपल्यावर सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, क्वचित दहा वर्षांनीही रक्त पडू लागते.

हे आक्काच्याच नशिबी आले असे नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०११ ते २०१९ या काळात शस्त्रक्रियेनंतर शेक घेणाऱ्या तीनशे स्त्रियांवर एक अभ्यास केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीने शेक दिलेल्यांत तीन वर्षांच्या आत दर शंभरांतल्या सुमारे बेचाळीस जणींना आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झाला; किरणांना आतड्याभोवती वळण देणाऱ्या, रोज चित्र काढून नेम धरणाऱ्या नव्या पद्धतीत तो एकवीस जणींना झाला. म्हणजे निम्म्यावर आला, शून्यावर नाही. तुमच्या घरी कोणाचे शेक सुरू व्हायचे असतील तर "आतडे वाचवणारी पद्धत इथे आहे का?" एवढे जरूर विचारा. नसेल तर त्यापायी शेक लांबवू मात्र नका.

आपल्या भागात हा कर्करोग कमी नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली डॉ. नेने यांच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या नोंदणीत खेड्यातल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचाच कर्करोग सर्वांत वर निघाला. आज उपचार तालुक्यांच्या जवळ आले आहेत आणि शेक घेऊन बऱ्या झालेल्या बायका गावोगाव आहेत. त्यांच्या पोटाची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

आक्काची दुर्बिणीने तपासणी झाली. ही तपासणी टाळायची नसते, कारण रक्त शेकामुळे आहे, की रोग उलटला आहे, की मूळव्याधच आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. तिला सुक्राल्फेट नावाच्या औषधाचा एनिमा दिला. ते औषध उघड्या जागेवर सारवल्यासारखे बसते. चंडीगडच्या पी. जी. आय. मधल्या डॉक्टरांनी १९९१ साली तुलना करून दाखवले होते की, तोंडाने आणि एनिमाने द्यायच्या जुन्या औषधांपेक्षा याचा गुण चांगला येतो. आक्काचे रक्त कमी झाले, थांबले नाही. मग दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूच्या साह्याने फुटक्या वाहिन्या शेकून बंद केल्या. दोन वेळा जावे लागले. वर लोहाची औषधे.

रक्त नाही, पण ढाळच थांबत नाहीत, अशांसाठीही उपाय आहेत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पित्त परत शोषले जाते. तो भाग दुखावला तर पित्त पुढे वाहते आणि पिवळट, चिकट, घाण वासाचे ढाळ होतात, रात्री उठवतातही. त्याला पित्त बांधून ठेवणारी पूड मिळते. पोट सारखे फुगत असेल तर आतड्यात नको ते जंतू माजलेले असू शकतात, त्यावर गोळ्यांचा कोर्स देतात. त्याच शेवटच्या भागात बी-१२ हे जीवनसत्त्वही शोषले जाते, तेव्हा हातापायाला मुंग्या आणि थकवा असेल तर रक्त तपासून इंजेक्शन घ्यावे. साधा इसबगोल पुष्कळांचे पातळ शौच बांधून आणतो, मात्र पोटात दाटून येत असेल तर तो नको. आणि पोट टम्म फुगले, उलट्या होऊ लागल्या, वारा सरेनासा झाला, तर गावात सलाईन लावत बसू नका. आतडे अडकलेले असू शकते, थेट मोठे रुग्णालय गाठा.

कळ आवरत नाही, त्यासाठी आक्काला तिथल्या परिचारिकेने एक व्यायाम शिकवला. वारा रोखताना आपण जो स्नायू आवळतो तोच आवळायचा, पाच अंक मोजायचे, सोडायचा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिले दोन महिने काही फरक पडला नाही. आक्का धारा काढताना करीत असे, तिसऱ्या महिन्यात संडास गाठता येऊ लागला.

डॉक्टरांपुढे बोलणे हाच अवघड भाग. आमच्या भाच्याने त्यावर युक्ती केली. दूध डेअरीच्या जुन्या कार्डावर लिटर आणि फॅटच्या रकान्यांत तो आईला विचारून खुणा करी: आज किती वेळा, रक्त होते की नाही, कपड्यात झाले का, काय खाल्ले. आक्काने तोंडाने एक शब्दही न बोलता ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवले. डॉक्टरांनी ते दोन मिनिटांत वाचले आणि औषध बदलले. तुमच्याही घरी अशी जुनी कार्डे पडलेली असतील.

शेकाची फाईल ट्रंकेत तळाशी जाऊ देऊ नका. किती शेक, कोणत्या भागाला, कोणत्या तारखेला संपले, हा कागद पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवायचा असतो, दात काढायला गेलात तरी. कर्करोगाचे किरणोपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. पुढच्या त्रासाचे काय बसते ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. एस. टी.त कर्करोगाच्या रुग्णांना तिकिटात सवलतही आहे, त्यासाठी लागणारा दाखला उपचार करणाऱ्या रुग्णालयातून घ्यावा.

आक्का आता बरी आहे, पण पहिल्यासारखी नाही. दिवसातून तीन वेळा जावे लागते, जेवणावळीतले तळलेले सोसत नाही. पिशवीत जुन्या सुती धोतराच्या घड्या, एक जादा परकर आणि पाण्याची बाटली असते. मागच्या उन्हाळ्यात दाजींनी विहिरीजवळ, शेतातच, पत्र्याचा एक संडास बांधून घेतला. यंदा कांदा काढायला ती पूर्ण दिवस शेतात होती.